लेकीच्या संमतीपत्रावर सही करू का?

पत्र :

"मॅडम, मी पुणे जिल्ह्यातल्या एका गावात राहते. माझी मुलगी पाचवीत आहे, दहा वर्षं पूर्ण झाली, वजन सव्वीस किलो. तिच्या शाळेत एका मोठ्या हॉस्पिटलातली संशोधन करणारी मंडळी आली होती. मुलांची वाढ, हाडं आणि पुढं होणारा डायबिटीस यावर तीन वर्षं अभ्यास करणार म्हणतात. वर्षातून एकदा उंची-वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटी आठ मिली रक्त, हाडांचं स्कॅन आणि 'वयात येण्याच्या टप्प्याची तपासणी' असं चार पानी कागदात लिहिलंय. मिस्टर म्हणतात, कर सही, एवढ्या तपासण्या फुकटात होतायत. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलंय. पोरांचं रक्त नेऊन विकतात म्हणतात, आणि पाळी यायच्या वयात रक्त काढलं तर पोरगी कायमची अशक्त होईल. मुलगी तर सुईचं नाव काढलं तरी रडते. हेडसर म्हणाले, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या आल्या, तुमचीच राहिली, शुक्रवारपर्यंत द्या. रक्त बोटातून का घेत नाहीत? कागदात असंही लिहिलंय की नमुने भविष्यातील संशोधनासाठी जतन केले जातील, म्हणजे काय? सही करू का? नाही केली तर मुलीला शाळेत त्रास होईल का?"
— एक आई

उत्तर :

ताई, आधी शुक्रवारचं मिटवू. शुक्रवार ही हेडसरांच्या सोयीची तारीख आहे, तुमच्यावर ती बंधनकारक नाही. कागद घरी नेऊन वाचायला, घरच्यांशी बोलायला, गावातल्या एखाद्या डॉक्टरांना विचारायला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे, हा संशोधनाचा मूळ नियमच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि देशातल्या प्रत्येक संशोधकाला ती पाळावी लागतात. त्यांनुसार मुख्याध्यापक देऊ शकतात ती परवानगी शाळेत येण्याची. तुमच्या मुलीच्या दंडाला हात लावायची परवानगी फक्त तुम्ही किंवा मुलीचे वडील देऊ शकता. आणि ती दिल्यावरही मुलीला स्वतःला विचारावं लागतं. त्याबद्दल पुढं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा धागा मला तोच वाटला.

हेडसरांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. वर्गाचा कागदांचा गठ्ठा पूर्ण करून द्यायची त्यांना सवय असते. पण ही सवय किती महागात पडते ते आपल्या देशानं पाहिलंय. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना देऊन पाहण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्मममधल्या कितीतरी मुली आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी, मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. पुढं काही मुलींचे मृत्यू झाले, एकच गदारोळ उठला आणि एप्रिल २०१०मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. सरकारी चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाले असं निघालं नाही. लस स्वतः चांगली आहे, आज जगभर दिली जाते. पण संमतीचा जो खेळखंडोबा झाला त्यावर संसदेच्या स्थायी समितीनं २०१३च्या अहवालात कडक ताशेरे ओढले, आणि एका चांगल्या लशीबद्दल लोकांच्या मनात कायमची अढी बसली. वॉर्डनच्या सहीमुळं वेळ वाचला असेल, पण त्याची भरपाई पुढच्या मुलींना करावी लागली.

म्हणून सरांना शांतपणे सांगा, "सर, मला संशोधन करणाऱ्या मंडळींशी स्वतः बोलायचंय, मग सांगते." यात उद्धटपणा काही नाही.

तुम्ही नाही म्हणालात तर मुलीला त्रास होईल का? होता कामा नये. तुमच्याजवळच्या कागदावर कुठंतरी वाक्य असेलच की सहभाग ऐच्छिक आहे, नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडलात तरी उपचारांवर वा शिक्षणावर परिणाम होणार नाही. ते शोधा. त्याच पानावर किंवा शेवटच्या पानावर दोन फोन नंबर असतात. एक मुख्य संशोधकाचा, दुसरा नैतिकता समितीचा. हा दुसरा नंबर लोक कधीच वापरत नाहीत, म्हणून त्याबद्दल थोडं सांगते.

माणसांवरच्या प्रत्येक संशोधनाला सुरुवात होण्याआधी त्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. त्या समितीत डॉक्टर असतात, कायद्याचा जाणकार असतो, समाजशास्त्राचा अभ्यासक असतो आणि ज्याचा वैद्यकाशी संबंध नाही असा एक साधा नागरिकही असावाच लागतो. एका समितीत मी त्या साध्या नागरिकाच्या खुर्चीवर बसत आले आहे. तिथं माझं काम एकच, संमतीपत्र हातात घ्यायचं आणि विचारायचं की हे वाक्य गावातल्या आईला कळेल का. तुम्हाला 'जतन केले जातील' या शब्दांपाशी अडखळायला झालं, याचा अर्थ त्या कागदावर काम करणारे कमी पडले. तुमची समज कमी पडलेली नाही. मुलीला शाळेत कुणी टोचून बोललं, सहीसाठी वर्गात उभं केलं, तर त्या दुसऱ्या नंबरावर जरूर फोन करा. अशी तक्रार समितीला गांभीर्यानं घ्यावीच लागते.

आता सासूबाई. त्यांना उडवून लावू नका. रक्त विकण्याचा धंदा या देशात खरोखर चालत होता. पैसे घेऊन रक्त देणारे लोक होते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १९९८पासून त्यावर बंदी आली. त्यांच्या तरुणपणी त्यांनी जे ऐकलं ते खोटं नव्हतं. त्यांना एवढंच सांगा की रक्तपेढीत रक्त द्यायला माणूस अठरा वर्षांचा आणि किमान पंचेचाळीस किलोचा असावा लागतो आणि एका वेळी ३५० मिलीची पिशवी भरतात. तुमच्या लेकीचे घेणार आठ मिली, म्हणजे चहाचे दीड चमचे. ते रंगीत टोपणांच्या दोन-तीन छोट्या नळ्यांत जातं, काहींत गोठू नये म्हणून औषध असतं, आणि ते रक्त कुणाला चढवता येत नाही. सव्वीस किलोच्या मुलीच्या अंगात दोन लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातलं अर्धा टक्कासुद्धा जात नाही, आणि तेवढं शरीर सहज भरून काढतं. पाळीशी त्याचा काही संबंध येत नाही. मुलगी अशक्त होईल ही काळजी असेल तर ती लोहाची करायला हवी. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी ती घेते की दप्तराच्या कप्प्यात टाकते, आणि जंताची गोळी वेळेवर मिळते का, हे बघा. सासूबाईंनाच ते काम द्या. नातीच्या ताकदीची काळजी त्यांनाच सगळ्यात जास्त आहे.

बोटातून का घेत नाहीत, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात रक्तक्षय तपासायला बोटाला टोचून थेंबभर रक्त घेत असत. २०१५-१६च्या सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ५८.६ टक्के मुलांना रक्तक्षय आहे असं निघालं. लगेच २०१६ ते २०१८मध्ये देशभर मुलांच्या पोषणाचं एक वेगळं मोठं सर्वेक्षण झालं, सुमारे १ लाख १२ हजार मुलांचं, आणि त्यातल्या ५१ हजारांवर मुलांचं रक्त शिरेतून घेतलं. त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास आलं. वयोगट अगदी तोच नाही, पण एवढ्या फरकाचं एक मोठं कारण नमुना घेण्याची पद्धत हे मानलं जातं. बोट दाबून रक्त काढताना त्यात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. कोट्यवधी मुलांना किती लोह द्यायचं याचा हिशेब अशा आकड्यांवर ठरतो, तेव्हा शिरेतल्या सुईचा आग्रह का धरतात ते लक्षात येईल. शिवाय उपाशीपोटीची साखर, इन्शुलिन, बी-१२ जीवनसत्त्व हे सगळं एका थेंबात मोजता येत नाही.

याच पोषण सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट पुढं आली. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी दहा टक्के मुलांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. यात लठ्ठ, शहरी मुलंच असतील असा समज करून घेऊ नका. तुमच्या गावात येऊन ही मंडळी बारीक चणीच्या मुलांचं रक्त का मागतायत, त्याचं उत्तर इथं आहे, आणि त्याची सुरुवात तुमच्याच जिल्ह्यात झाली.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातली सहा गावं निवडली. लग्न झालेल्या बायकांना त्यांनी दिवस राहण्याआधीपासून गाठलं. पाळी चुकली की नोंद, मग गरोदरपणात काय खाल्लं, किती पाणी वाहून आणलं, शेतात किती काम केलं, याची मोजदाद. बाळ जन्मलं की बहात्तर तासांच्या आत माणूस घरी हजर. वजन, लांबी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, दंडाचा घेर, आणि एका छोट्या चिमट्यासारख्या यंत्रानं बाळाच्या दंडावरची आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी अलगद पकडून तिची जाडी. त्या जाडीवरून कातडीखाली चरबी किती ते समजतं.

बाळांचं सरासरी वजन भरलं पावणेतीन किलोच्या जरा आत. इंग्लंडातल्या साउदम्पटनच्या बाळांचं होतं साडेतीन किलो. आपली बाळं लहान, यात कुणाला नवल वाटलं नाही. नवल पुढं होतं. आपल्या बाळांचं पोट लहान, म्हणजे आतले अवयव लहान, दंड बारीक, म्हणजे स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी जवळजवळ इंग्लंडच्या बाळांइतकीच. बघायला हडकुळं, आत चरबी राखून असलेलं. डॉ. याज्ञिकांनी २००३मध्ये हे जगापुढं मांडलं तेव्हा वैद्यकाला एक कोडं सुटल्यासारखं झालं. सडपातळ भारतीयांना एवढ्या कमी वयात मधुमेह का होतो, या प्रश्नाचं मूळ पाळण्यापर्यंत जाऊन पोचलं.

त्याच अभ्यासात दिसलं की ज्या आया गरोदरपणात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. औषधाच्या दुकानात जायची गरज नसलेली ही गोष्ट, आणि ती कळली वाड्यावस्त्यांवर फिरून जेवणाची मोजदाद केल्यामुळं. ती मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा बोलावून त्यांचं रक्त तपासलं. ज्यांच्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व, जास्त होतं, त्या मुलांच्या अंगात इन्शुलिन नीट काम करत नाही असं आढळलं. यातल्या बऱ्याच आयांना बी-१२ कमी होतं. बी-१२ मिळतं मुख्यतः प्राण्यांपासूनच्या अन्नातून; आपण शाकाहारी किंवा जवळजवळ शाकाहारी लोक, आणि आपल्याकडं गरोदर बाईला फॉलिक ॲसिडची गोळी आवर्जून मिळते, बी-१२ची मात्र नाही. हा प्रश्न साउदम्पटनच्या बाळांवर कितीही अभ्यास केला तरी कुणाला पडला नसता. पुढं याच मुलांपैकी काहींना किशोरवयात बी-१२ देऊन त्यांच्या पुढच्या पिढीच्या बाळांवर काय फरक पडतो, तेही याच पथकानं पाहायला घेतलं. ज्या बाळांची कातडी चिमट्यानं मोजली होती ती आज तिशीच्या घरात आहेत.

हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण मला मनापासून वाटतं की आपल्या मुलांच्या वाढीचे प्रश्न आपल्याच मुलांकडं बघून सुटतात. अंगणवाडीत वजनाचा जो तक्ता असतो, त्यामागच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासातही दक्षिण दिल्लीची मुलं आहेत. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत अशा सहा ठिकाणची मुलं मोजून २००६ला तो प्रसिद्ध झाला. जुलाबावरची आपली रोटाव्हायरस लस दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथल्या सुमारे ६,८०० बाळांच्या आईवडिलांनी हो म्हटल्यावर तपासली गेली आणि २०१६पासून सरकारी लसीकरणात आली. या सगळ्या मागं कुणा तरी आईनं कागदावर सही करताना तुमच्यासारखाच विचार केला असणार.

तुमच्या मिस्टरांशी मात्र माझं थोडं भांडण आहे. तपासण्या फुकटात होतात म्हणून सही करू नये. संशोधन म्हणजे उपचार नव्हे. ही मंडळी तुमच्या मुलीकडं बघून हजारो मुलींबद्दल काही शिकणार आहेत, तिला बरं करायला ती आलेली नाहीत. काही अभ्यासांत रक्ताचे निकाल महिनोन्‌महिने येत नाहीत, कारण सगळे नमुने साठवून एकदम तपासतात. काही तपासण्यांचा तुमच्या मुलीपुरता अर्थच लावता येत नाही. म्हणून विचारा : कोणते रिपोर्ट आम्हाला मिळतील, किती दिवसांत, आणि कुठल्या भाषेत? हिमोग्लोबिन किंवा साखर बिघडलेली निघाली तर कोण सांगणार, पुढं कुठं पाठवणार, तो खर्च कुणाचा? नुसतं "आम्ही बघू" एवढं उत्तर पुरेसं मानू नका. प्रवासखर्च आणि त्या दिवशीचा नाश्ता देत असतील तर घ्या, तो तुमचा हक्क आहे. त्यापलीकडं मोठी रक्कम किंवा भेटवस्तू दाखवत असतील तर सावध व्हा.

हाडांच्या स्कॅनबद्दल काळजी नको. मुलीला टेबलावर काही मिनिटं स्थिर पडून राहायचं असतं, त्यातली किरणं छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी असतात.

नमुने जतन करण्याची बाब मात्र नीट समजून घ्या. रक्ताचा थोडा भाग ते उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतात. पाच-दहा वर्षांनी नवं काही मोजायची सोय निघाली की तो बाहेर काढून तपासायचा. याचा उपयोग मोठा आहे. पण एकदा ठेवलेलं रक्त कशाकशासाठी वापरलं जाईल हे आज कुणालाच सांगता येत नाही, म्हणून त्याची संमती वेगळी घ्यायची असते. कागदावर त्यापुढं 'होय' आणि 'नाही' अशा दोन चौकटी असायला हव्यात. नसतील तर मागा. मुख्य अभ्यासाला हो आणि साठवणीला नाही, असं तुम्ही म्हणू शकता. तीन गोष्टी विचारा. जनुकांची तपासणी होणार का? नमुने परदेशी जाणार का? आणि नळीवर मुलीचं नाव असणार की नुसता क्रमांक? क्रमांक असेल तर नाव आणि क्रमांक जोडणारी यादी कुणाच्या कुलपात आहे? शिवाय मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर तिची स्वतःची संमती नव्यानं घेणार आहात का, हेही. नियम तसा आहे. तुम्ही आज दिलेलं 'हो' तिच्या वतीनं दिलेलं असतं. मोठी झाल्यावर तिला 'नको' म्हणता आलं पाहिजे.

आता ज्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, आणि ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. 'वयात येण्याच्या टप्प्याची तपासणी.' मुलं कुठल्या वयात किती उंच होतात, चरबी कुठं साठते, हाडं कधी भरतात, हे सगळं वयात येण्याशी जोडलेलं असतं. दहा वर्षांच्या दोन मुलींपैकी एकीची छाती भरायला लागलेली असते आणि दुसरी अजून लहान असते, त्या दोघींचे आकडे सरसकट एकत्र केले तर निष्कर्ष चुकतो. म्हणून संशोधकांना ते पाहावं लागतं. पण पाहायचं कसं, याचे दोन मार्ग आहेत. एकात डॉक्टर मुलीला तपासतात. दुसऱ्यात चित्रं दाखवतात आणि मुलगी, नाहीतर आई, आपण कुठल्या चित्राजवळ आहोत ते सांगते. तुमच्या अभ्यासात कुठला आहे ते आधी विचारा. डॉक्टर तपासणार असतील तर ती बाई डॉक्टरच असली पाहिजे, तुम्ही त्या खोलीत असल्या पाहिजेत, आणि जागा शाळेचा वर्ग नाही, दार लावता येणारी खोली असली पाहिजे. फोटो काढणार नाहीत ना, हेही विचारायला लाजू नका. बाकी सगळं मान्य आणि एवढी एक तपासणी अमान्य, असं म्हणायची मुभा असते. आणि सही करण्याआधी मुलीला ही तपासणी काय आहे ते तुम्ही सांगा. तिथं गेल्यावर तिला कळलं तर तुमच्यावरचा तिचा विश्वास जाईल.

इथं मुलीचं येतं. तुमचं पत्र वाचताना मला दिसलं की घरातल्या प्रत्येकाचं मत तुम्ही लिहिलंत, मुलीचं मत मात्र 'रडते' एवढंच. आयसीएमआरचा नियम असा आहे की सात ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या भाषेत सगळं समजावून सांगायचं आणि त्याचा तोंडी होकार घ्यायचा. बारा ते अठरा वयात त्याची लेखी सही घ्यायची. म्हणजे तिसऱ्या वर्षी, ती बारा पूर्ण झाली असेल तर, तुमच्या सहीखाली तिचीही सही लागेल. आजच्या घडीला तुम्ही हो म्हणालात आणि ती ठाम नाही म्हणाली, तर अशा अभ्यासात तिचं 'नाही' मानायचं. जीव वाचवणारा उपचार असता तर गोष्ट वेगळी होती. इथं तसं काही नाही.

पण रडणं म्हणजे नकार असेलच असं नाही. सुईची भीती वेगळी आणि अभ्यासात जायचं नसणं वेगळं. ते दोन्ही वेगळे करून विचारा. एखाद्या संध्याकाळी, भाकरी करताना, ती जवळ बसली असताना. "हे लोक तुझ्यासारख्या मुली कशा मोठ्या होतात ते शिकतायत. त्यासाठी वर्षातून एकदा सुई टोचणार, थोडं दुखेल. तुला काय वाटतं?" दुखणार नाही, मुंगी चावेल एवढंच, असं सांगू नका. दुखतं. मुलं दुखणं सोसतात, फसवणूक लक्षात ठेवतात. ती म्हणाली की सुई नको पण बाकीचं चालेल, तर तेही त्या लोकांना विचारून पाहा, काही अभ्यासांत रक्ताशिवायही भाग घेता येतो.

सुईसाठी उपायही आहेत. बधिर करणारं मलम मिळतं. ते कोपराच्या खोबणीत तासभर आधी जाड थरानं लावून वर पट्टी चिकटवली की टोचणं बरंच कमी जाणवतं. मुलांमध्ये ते सर्रास वापरतात. संशोधन पथकानं ते आणावं अशी मागणी तुम्ही करू शकता, आणि लहान मुलांचं रक्त काढायची सवय असलेली सिस्टर हवी असंही म्हणू शकता. दोनदा टोचून शीर मिळाली नाही तर त्या दिवशी थांबायचं, तिसऱ्यांदा प्रयत्न करायचा नाही, हे आधी ठरवून घ्या. आदल्या रात्री तिला भरपूर पाणी पाजा. सकाळी उपाशी असली तरी साधं पाणी चालतं का ते विचारून द्या, शीर मिळायला सोपी जाते. पडून रक्त दिलं तर चक्कर यायची शक्यता कमी होते. टोचताना तिच्याशी बोला, तिनं कुठं बघायचं ते तिलाच ठरवू द्या. काही मुलींना सुईकडं बघितलेलंच बरं वाटतं. झाल्याबरोबर खायला हवं, म्हणून तिच्या आवडीचा डबा सोबत असू द्या, तिथं काय मिळेल यावर अवलंबून राहू नका.

मी काय केलं असतं, असं तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण सल्ला मागितलात तर मत सांगायला हवं. तुम्ही लिहिलंय त्यावरून अभ्यास जोखमीचा वाटत नाही. औषध देऊन बघत नाहीत, फक्त मोजमाप आहे. अशा अभ्यासाला एका पालकाची सही पुरते, पण तुम्ही दोघांनी मिळून ठरवावं असं मला वाटतं. तपासणी कोण करणार, रिपोर्ट कधी देणार, रक्त किती काळ ठेवणार, याची नीट उत्तरं मिळाली आणि मुलगी स्वतः तयार झाली, तर माझा कल हो म्हणण्याकडं आहे. पहिल्या वर्षी हो म्हणून दुसऱ्या वर्षी नाही म्हणता येतं, ते कारण न देता. उत्तरं देताना कुणी चिडलं, घाई केली, "तुम्हाला नाही कळायचं" असं म्हणालं, तर सही करू नका. प्रश्न विचारलेले न आवडणाऱ्या माणसांच्या हाती मुलीला देऊ नये.

त्यांना शाळेतच भेटायला हवं असं नाही. फोन करून घरी बोलवा, सासूबाईंनाही शेजारी बसवा आणि रक्ताचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. चांगलं पथक असेल तर नळ्या दाखवायला घेऊन येईल. सही केलीत तर तारीख तुमच्या हातानं घाला, कोरी जागा सोडू नका, आणि दोघांच्या सह्या असलेली तुमची प्रत मागून घ्या. ती मुलीच्या लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा, अठराव्या वर्षी तिला लागेल.